पाणीचिंता मिटली, पण कुणाची?

जुलै संपत आला की ठाणे-कल्याणच्या वर्तमानपत्रांत ठरावीक मथळा येतो : 'पाणीचिंता मिटली'. सोबत धरणाच्या सांडव्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचा फोटो असतो. बाजूला ओटी भरून जलपूजन करणारे लोकप्रतिनिधी असतात. नारळ, साडीचोळी, हळदकुंकू यांतले काही राहून जात नाही. बारवी भरले, भातसाचे दरवाजे उघडले, तानसा वाहू लागले, अशी चित्रे तासाभरात सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात आणि त्यांखाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग लागते. २०२४ मध्येही असेच झाले. ३० मेपासून मुंबईत ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात होती. सात तलावांचा साठा अगदी तळाशी गेला होता. मग पाऊस आला, २९ जुलैला कपात मागे घेतली गेली आणि दोन महिने पाण्यावर तावातावाने बोलणारे शहर एका दिवसात दुसऱ्या विषयाकडे वळले.

या मथळ्यात एक अख्खे तत्त्वज्ञान दडले आहे. ते असे : पाणी देवाघरून येते आणि धरणात साठते. धरण भरले की शहर सुखी. भरले नाही तर तो निसर्गाचा कोप, आणि भरूनही पुरले नाही तर धरणे कमी पडली म्हणायचे. तेव्हा आणखी एक धरण बांधा. त्याच्या आड आदिवासी पाडे येत असतील तर पुनर्वसन करा, जंगल येत असेल तर दुसरीकडे झाडे लावा. दुष्काळ ही मराठवाड्याची आणि माणदेशाची गोष्ट, आपल्याकडे तर पाऊस मुबलक पडतो. आपण कर भरतो, बिल भरतो, मग आपल्याला पाणी का नको? मुलुंडपासून बदलापूरपर्यंत लोकल ट्रेनमध्ये, सोसायटीच्या सभेत आणि निवडणुकीच्या प्रचारात हेच ऐकू येते. बोलणारी माणसे सज्जन असतात. पण त्यांच्या या तत्त्वज्ञानाचा एकेक दगड उचलून पाहिला तर खाली ओल कमी आणि विंचूच फार.

पहिला दगड पावसाचा. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सह्याद्रीच्या पायथ्याशी त्याहूनही जास्त. जैसलमेरला दोनशे मिलिमीटरही धड पडत नाही. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटातल्या लास वेगासला तर जेमतेम शंभर. ज्याला आपण वाळवंट म्हणतो, त्याच्या दहा-वीस पट पाणी आपल्या डोक्यावर पडते. तरीही दर मे महिन्यात इथल्या शेकडो गावपाड्यांना टँकर लागतो. मग टंचाई पावसाची कशी?

लास वेगासचे पाणी ज्यातून येते त्या मीड जलाशयाची पातळी २०२२ च्या उन्हाळ्यात इतकी घसरली, की तळातून बुडालेल्या होड्या वर आल्या. एका पिंपात तर जुना सांगाडाही सापडला. जगभर त्याचे फोटो छापले गेले. फोटोंत न दिसलेली गोष्ट अशी, की त्या शहरात घराच्या आत वापरलेले पाणी, म्हणजे मोरीचे, न्हाणीचे आणि संडासचेही, जवळजवळ सगळे शुद्ध होऊन पुन्हा त्याच जलाशयात जाते. जितके परत जाते तितके जास्त उचलण्याचा हक्क शहराला मिळतो. जिच्यावर कुणी चालत नाही, खेळत नाही अशी रस्त्याकडेची नुसती शोभेची हिरवळ काढून टाकण्याचा कायदा नेवाडाने २०२१ मध्ये केला. जुगाराच्या अड्ड्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर पाण्याच्या बाबतीत जुगार खेळत नाही, आणि सत्यनारायणाच्या पूजेला बसणारी आपली शहरे दर जूनमध्ये वरुणराजावर डाव लावतात.

आता थोडा हिशेब. एका आदिवासी पाड्यावर पाचशे चौरस फुटांचे कौलारू घर धरा. अडीच हजार मिलिमीटर पावसात त्या छपरावर वर्षाला एक लाख पंधरा हजार लिटरच्या आसपास पाणी पडते. सरकारच्या जलजीवन मिशनचा ग्रामीण निकष माणशी रोज ५५ लिटरचा. पाच माणसांच्या घराला जानेवारी ते मे असे पाच महिने मिळून चाळीस-एकेचाळीस हजार लिटर पाणी लागेल. म्हणजे नुसत्या छपरावर गरजेच्या अडीच पटींहून जास्त पाणी पडून वाहून जाते. सगळे धरता येत नाही, टाकीला पैसे लागतात, पाड्यावर सगळी घरे धड कौलांची नाहीत, हे सगळे खरे. पण टाकीला लागणारे पैसे दरसाल टँकरवर खर्च होणाऱ्या पैशांपेक्षा जास्तच असतील, असे कुणी मांडून दाखवले आहे का? राजस्थानात अंगणातले टाके शतकानुशतके हेच काम करत आले, तेही आपल्या दशांश पावसात.

ज्या सात तलावांच्या पाण्यावर मुंबई जगते, त्यांची एकूण साठवण १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. त्यात मुंबईच्या हद्दीतले विहार आणि तुळशी मिळून अडीच टक्क्यांच्या आसपास भरतात. उरलेले सगळे पाणी बाहेरचे. एकट्या भातसाची साठवण ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर, म्हणजे जवळपास निम्मी. भातसा, तानसा आणि मोडकसागर शहापूर तालुक्यात येतात, मध्य वैतरणा त्याच्या वेशीवर. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी पाजते आहे. आणि याच शहापूर तालुक्यात कसाऱ्याच्या, डोळखांबच्या बाजूच्या गावपाड्यांत फेब्रुवारी-मार्चपासून टँकरची मागणी सुरू होते. टँकर येतो, कोरड्या विहिरीत पाणी ओततो आणि निघून जातो. मग विहिरीभोवती बायका, पोरी, दोर, हंडे, कळशा. रात्री झऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरणाऱ्या बायांचे फोटो दर उन्हाळ्यात छापून येतात. त्यांखालचा मथळाही ठरलेला : 'धरण उशाला, कोरड घशाला'.

या म्हणीचाही आता राग यायला हवा. ती इतकी सराईत झाली आहे, की वाचणारा 'अरेरे' म्हणतो आणि पान उलटतो. जणू धरण उशाला असणे हा योग आणि घशाला कोरड हे नशीब. कोरड कुठल्या कागदावर, कुणाच्या सहीने आली, हा प्रश्न म्हण विचारूच देत नाही. त्या कागदावर शहरी माणसाला रोज १३५ लिटर लिहिले आहेत, ग्रामीण माणसाला ५५. महानगरासाठी तर निकष १५० लिटरचा. पाड्यावरच्या बाईचे शरीर शहरातल्या बाईपेक्षा कमी तहानते, असे कुठल्या शास्त्रात सांगितले आहे? आणि हे ५५ लिटरसुद्धा कागदावरचे. टँकरच्या दिवसांत हिशेब लिटरांत होत नाही, हंड्यांत होतो.

यावर तयार उत्तर येते : 'अहो, ती गावे उंचावर आहेत. धरण खाली, पाडे वर. तांत्रिक अडचण आहे.' तांत्रिक अडचण हा शब्द मोठा सोयीचा. ठाण्यातल्या टॉवरच्या बत्तिसाव्या मजल्यावर पाणी रोज चढते, तिथे गुरुत्वाकर्षण कुणाला आठवत नाही. तानसाचे पाणी डोंगर, खाड्या आणि खारफुटी ओलांडून मुंबईत नेताना एकोणिसाव्या शतकातल्या इंजिनिअरांना अडचण आली नाही. मध्य वैतरणाचे १०२ मीटर उंचीचे धरण २०१४ मध्ये उभे राहिले, तेव्हाही नाही. अडचण नेमकी धरणापासून चार-पाच कोसांवरच्या पाड्याशी येऊन थांबते. शेवटी शहापूरच्या ९७ गावांसाठी आणि अडीचशेहून अधिक पाड्यांसाठी योजना आखली गेली ती घाटावरच्या, इगतपुरीजवळच्या भावली धरणातून, तिथून पाणी उताराने येते म्हणून. इंजिनिअर म्हणतील, योजना शहाणपणाची आहे. असेलही. पण ज्या तालुक्यातून मुंबईचे निम्म्याहून जास्त पाणी जाते, त्याची तहान भागवायला पाणी आणायचे नाशिक जिल्ह्यातून, यात कुणालाच काही खटकत नाही?

भातसा तर नुसते पिण्याच्या पाण्याचे धरण नव्हतेच. ते सिंचनासाठीही बांधले गेले. शहापूर आणि भिवंडीच्या शेतांना कालव्यांतून पाणी मिळायचे होते. कालवे रखडले, मुंबईची नळयोजना रखडली नाही. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम आहे, शेतीला दुसरा, उद्योगाला तिसरा. २०११ पूर्वी उद्योग शेतीच्या पुढे होता, तो मागे सरकवला गेला. छान झाले. पण 'पिण्याचे पाणी' या शब्दांच्या पोटात शहराचे काय काय मावते! गाडी धुणे, पोहण्याचा तलाव, संडासात एका दाबाला दहा लिटर हेसुद्धा पिण्याचेच पाणी, आणि भाताची रोपे जगवायला लागणारे पाणी मात्र 'सिंचन'. यादीत प्यायचे पाणी वर लिहिले म्हणून प्यायला ते मिळते कुणाला, हे ठरत नाही.

दुसरा दगड : धरण भरले की नळ भरला.

कल्याण-डोंबिवलीच्या सत्तावीस गावांत जाऊन हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहावे. १९८३ मध्ये महापालिका झाली तेव्हा ही गावे तिच्यात आली, २००२ मध्ये बाहेर गेली, १ जून २०१५ पासून पुन्हा आत. २०२० मध्ये त्यांतली अठरा बाहेर काढायचा निर्णय झाला, तो न्यायालयात टिकला नाही. या आत-बाहेरच्या खेळात गावकऱ्यांच्या वाट्याला मालमत्ता कर लगेच आला, पाणी मात्र एमआयडीसीच्या वाहिनीवर लटकत राहिले. नांदिवली, भोपर, सागाव, संदप, दावडी इथल्या बायांनी हंडा मोर्चे काढले, टाक्यांची आणि वाहिन्यांची कामे अमृत योजनेत मंजूर झाली आणि रखडली. मे २०२२ मध्ये संदपजवळच्या पाण्याने भरलेल्या खाणीत कपडे धुवायला गेलेल्या एकाच कुटुंबातले पाच जण बुडाले. नळाला पाणी पुरत नाही, म्हणून बायका खाणीवर जातात, हे गावकरी त्या दिवशी पुन्हा एकदा सांगत होते. त्याआधीच्या पावसाळ्यातही 'पाणीचिंता मिटली' असे छापून आलेच होते.

त्याच पट्ट्यात शीळ रस्त्याला लागून टोलेजंग वसाहती उभ्या राहिल्या. त्यांच्या जाहिरातींत निळेशार पोहण्याचे तलाव असतात. प्रत्यक्षात राहायला आलेल्या अनेकांना पहिल्याच उन्हाळ्यात टँकरचा नंबर पाठ होतो. ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्याची कथा वेगळी नाही. पाणी नसताना नव्या इमारतींना परवानग्या कशा दिल्या जातात, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला आणि २०१७ मध्ये न्यायालयाने तिथल्या नव्या परवानग्यांवर निर्बंध घातले. आज त्या रस्त्यावरून जाणाऱ्याने टॉवर मोजावेत आणि निर्बंधांचे काय झाले ते स्वतःच ठरवावे.

'लोकसंख्याच वाढली हो, पालिका तरी काय करणार?' हे पुढचे वाक्य. लोकसंख्या ही जणू वादळासारखी समुद्रातून येते. ती येते बांधकाम परवानगीच्या शिक्क्यातून. प्रत्येक टॉवरच्या फायलीत पाण्याची सोय असल्याचा कागद लागतो. तो कागद देणारे कार्यालय आणि 'पाणी नाही, काटकसर करा' असे पत्रक काढणारे कार्यालय एकाच इमारतीत असते, बहुधा एकाच जिन्यावर. घर घेणारा मध्यमवर्गीय यात फसतो, हे मान्य. पण फसल्यावर त्याचा राग परवानगीवर जात नाही, प्रस्तावित काळू धरणाला विरोध करणाऱ्या मुरबाडच्या आदिवासीवर जातो. पाणी बिल्डरने विकले, पैसे यांनी मोजले आणि चोर ठरला तो ज्याने काहीच विकले नाही.

एक घटना तर कुणी नाटककाराने रचली असती तर प्रेक्षकांनी अतिशयोक्ती म्हणून हसण्यावारी नेली असती. ठाण्यात कूपनलिका खोदताना जमिनीखालून मुंबईला पाणी नेणाऱ्या जलबोगद्यालाच भोक पडले. दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर मुंबईत १५ टक्के कपात करावी लागली. पायाखालून लाखो लोकांचे पाणी चालले आहे आणि वरचा माणूस पाण्यासाठी जमिनीला भोक पाडतो आहे! ठाणे-कल्याणच्या पाण्याचा प्रश्न एका चित्रात दाखवायचा तर याहून चांगले चित्र मिळणार नाही. त्या दिवशी सातही तलाव भरलेले असते, तरी बोगदा गळतच राहिला असता.

मग येते रामबाण वाक्य : 'आणखी धरण बांधा.' ठाणे महापालिकेचे स्वतःचे धरण नाही. स्टेम प्राधिकरण, एमआयडीसी, मुंबई महापालिका आणि स्वतःची भातसावरची योजना अशा चार दारांतून तिला पाणी घ्यावे लागते. नवी मुंबईने मोरबे विकत घेतले, मग आम्हीच का मागे? या भावनेतून शाई, काळू, गारगाई, पिंजाळ अशी नावे घेतली जातात. काळूचे उदाहरण पाहा. मुरबाड तालुक्यात काळू नदीवरचे हे धरण कोकण पाटबंधारे विकास महामंडळाने २०११ मध्ये वनखात्याची परवानगी नसतानाच बांधायला घेतले. हजारेक हेक्टर जंगल त्याखाली जाणार होते. ग्रामसभांचे ठराव विरोधात होते. २०१२ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने काम थांबवले. विकासाला विरोध कुणी केला? कायदा पाळा म्हणणाऱ्यांनी, की परवानगीआधी जेसीबी लावणाऱ्यांनी?

बारवीचा दाखला तर धरणवादी हमखास देतात. १९७२ मध्ये बांधलेल्या बारवीची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली आणि २०१९ च्या पावसाळ्यात ते वाढीव उंचीपर्यंत भरले. साठा वाढला, शहरे खूश झाली. पण तोंडली, काचकोली, मोहघर, मानिवली या गावपाड्यांतल्या कुटुंबांना घरातल्या एकाला नोकरी देण्याचा शब्द होता, तो मिळवायला त्यांना किती खेटे घालावे लागले? धरणातून पाणी घेणाऱ्या महापालिकांनी नोकऱ्या द्यायच्या होत्या. पाणी पहिल्या दिवसापासून घेतले गेले, नोकरीच्या फायली टेबलाटेबलावरून सरकत राहिल्या. ज्यांचे घर बुडाले त्यांना 'प्रकल्पग्रस्त' म्हणतात. ज्यांच्या नळाला त्यामुळे पाणी आले त्यांना काय म्हणायचे, यासाठी सरकारी भाषेत शब्दच नाही.

आता गारगाई. वाडा तालुक्यातल्या या धरणातून मुंबईला रोज ४४० दशलक्ष लिटर मिळायचे. लाखो झाडे जातील म्हणून २०२१ मध्ये ते बाजूला ठेवून मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प पुढे आला, मग सरकार बदलले आणि गारगाई पुन्हा वर आले. या सगळ्या गदारोळात एक साधी वजाबाकी राहून जाते. मुंबईला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते. गळती आणि चोरीत पाव हिश्श्याहून जास्त जाते, असे खुद्द पालिकेकडूनच वेळोवेळी सांगितले गेले आहे. पाव हिस्साच धरला तरी रोज साडेनऊशे दशलक्ष लिटर. म्हणजे दोन गारगाई धरणे मुंबईच्या फुटक्या वाहिन्यांत आजच बांधलेली आहेत. त्यांना एक झाड तोडावे लागत नाही, एक पाडा उठवावा लागत नाही. फक्त त्यांच्या उद्घाटनाला फीत कापता येत नाही आणि कोनशिलाही बसवता येत नाही.

गळती शून्यावर आणता येत नाही, जुन्या वाहिन्या बदलणे जिकिरीचे आहे, हे खरेच. पण निम्मी वाचवली तरी एक गारगाई वाचते, ही गोष्ट प्रचारसभेत का सांगितली जात नाही?

सर्वांत गमतीचा दगड शेवटचा : 'दुष्काळ त्यांचा, पाणी आमचे.' डोंबिवलीचा माणूस टीव्हीवर सोलापूर, माण, लातूरच्या भेगाळल्या जमिनी पाहून हळहळतो. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, तेव्हा त्याने अभिमानाने फोटोही पुढे पाठवले. आपल्या नळाचे पाणी कुठून येते, हे त्याला ठाऊक नसते. उन्हाळ्यात उल्हास नदी वाहती राहते ती दोन गोष्टींवर : बारवीतून सोडलेले पाणी आणि टाटांच्या भिवपुरी वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी. १९२२ पासून चाललेल्या भिवपुरीला पाणी येते ते मावळातल्या ठोकरवाडीच्या आंध्रा धरणातून. आंध्रा नदी निसर्गतः पूर्वेला वाहते, इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी तुळापूरला भीमेला, आणि भीमा पुढे उजनीत, सोलापुरात जाते. ते पाणी घाटमाथ्यावर अडवून बोगद्यांतून, नळांतून पश्चिमेला खाली सोडले जाते, आधी टर्बाइन फिरवते आणि मग उल्हासमध्ये येते. बदलापूर, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली आणि एमआयडीसी ते उचलतात. सोप्या भाषेत, डोंबिवलीकर सकाळी दात घासतो त्यात भीमेचा घोट असतो.

टाटांच्या सह्याद्रीतल्या धरणांतून पश्चिमेला वळवल्या जाणाऱ्या पाण्याचा कृष्णा लवादाने मान्य केलेला वाटा वर्षाला सुमारे ४२ टीएमसी आहे. मुंबईचे सातही तलाव मिळून भरतात ५१ टीएमसी. म्हणजे मुंबईच्या साऱ्या तलावांत जेवढे पाणी मावते, त्याच्या चार पंचमांशाहून अधिक पाणी भीमेच्या अवर्षणप्रवण खोऱ्यातून दरवर्षी कोकणात येते. त्यातले काही मुळशीतून भिऱ्याला कुंडलिकेत, काही लोणावळ्याकडून खोपोलीला पाताळगंगेत आणि काही भिवपुरीला उल्हासमध्ये. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो हरला. ते पाणी आज उलटे फिरवा म्हणणे सोपे नाही, कारण त्यावर आता लाखो माणसे जगतात. पण निदान उधारीचे पाणी उधारीचे म्हणून तरी वापरावे! २०१६ च्या उन्हाळ्यात उल्हासवरच्या शहरांना कपात सोसावी लागली, आठवड्यातले दिवसच्या दिवस नळ कोरडे राहिले. तेव्हाही चर्चा झाली ती 'आमचे पाणी कुणी पळवले' अशीच.

आणि हे उधारीचे पाणी आपण कुठे सोडतो? वापरून झाले की त्याच उल्हासमध्ये, वालधुनीत, खाडीत. बऱ्याचदा धड प्रक्रिया न करताच. वरच्या गावचे सांडपाणी खालच्या गावच्या उदंचन केंद्राच्या तोंडाशी येते. उन्हाळ्यात मोहिलीजवळ नदी जलपर्णीखाली दिसेनाशी होते. डोंबिवलीकरांनी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पाहिला, २०२० मध्ये गुलाबी झालेला रस्ता पाहिला, त्यांना रंगांचे आता नवल उरलेले नाही. पण ज्या पाण्यासाठी माणसे उठवली, डोंगर पोखरले, दुसऱ्या खोऱ्याचे तोंड फिरवले, ते एकदा वापरून घाण करून समुद्रात लोटायचे आणि पुन्हा नवे धरण मागायचे, याला काय म्हणावे? नवी मुंबईने कोपरखैरणे आणि ऐरोलीला सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून ते कारखान्यांना पुरवायला सुरुवात केली. तेथे जमते ते कल्याण, डोंबिवली, अंबरनाथच्या एमआयडीसी पट्ट्यात का जमत नाही? कारखान्याला बारवीचे ताजे पाणी लागते आणि सत्तावीस गावांतल्या बाईला खाणीचे चालते, हा क्रम कुणी ठरवला?

धरणवादी एवढ्यावरही गप्प बसणार नाहीत. ते म्हणतील, गळती थांबवा, सांडपाणी वापरा, छपरावरचे पाणी धरा, हे सगळे ठीक, पण एवढ्याने पुरेल का? याचे उत्तर आकड्यांनी द्यावे, आधी करून मग मोजावे. न करताच 'पुरणार नाही' म्हणणारा माणूस वर्षानुवर्षे फुटलेला माठ घेऊन विहिरीवर जातो आणि विहीर आटली म्हणून ओरडतो. पर्जन्यजल संधारणाची सक्ती कायद्यात आहे. किती सोसायट्यांच्या गच्चीवरचे पाइप खरोखर कुठे जातात, हे एकदा वॉचमनला विचारून पाहावे.

ठाणे-कल्याणला पाण्याचा तुटवडा नाही, असे कुणी म्हणत नाही. तुटवडा आहे, आणि वाढत जाणार आहे. पण ज्या पट्ट्यावर अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, ज्याच्या कुशीत राज्यातली मोठमोठी धरणे आहेत, आणि ज्याला घाटापलीकडचेही पाणी मिळते, त्याचा तुटवडा आकाशातून येत नाही. रांगेत पहिला उभा कोण, यावर तो ठरतो : आधी टॉवर मग गाव, आधी कारखाना मग पाडा, आधी मुंबई मग शहापूर, आणि सगळ्यांच्या आधी बांधकामाची परवानगी. भरलेले धरण ही रांग बदलत नाही, उलट आणखी एक वर्ष ती तशीच उभी ठेवायची सोय करून देते.

वर्तमानपत्रे पावसाळ्यात रोज सात तलावांचा तक्ता छापतात : पातळी, साठा, गेल्या वर्षी याच दिवशी किती. तो तक्ता उपयोगाचा आहे, छापत राहावा. त्याच्या खाली आणखी एक तक्ता द्यावा. त्या दिवशी शहापूर आणि मुरबाडच्या किती पाड्यांना टँकर गेला, सत्तावीस गावांत नळ किती तास चालला, किती दशलक्ष लिटर वाहिन्यांतून गळाले, प्रक्रिया न होता किती सांडपाणी उल्हासमध्ये गेले आणि नव्या किती मजल्यांना परवानगी मिळाली. एवढ्याला जागा फार लागणार नाही. जलपूजनाचा फोटो काढला तर तेवढी सहज निघेल.